कड्यापासून संप्रेरकाच्या तांबीपर्यंत

‘तांबी’ हा शब्द महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या तोंडीं आतां इतका रुळला आहे, कीं त्याच्यामागें शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. वैद्यकाच्या ग्रंथांत हा इतिहास जिन्याच्या पायऱ्यांसारखा मांडलेला असतो: आधीं रेशमी तंतूचें कडें, मग प्लास्टिकचें वेटोळें, मग तांबें, आणि शेवटीं संप्रेरक, म्हणजे लोक ज्याला हॉर्मोन म्हणतात तें. परंतु ज्या बायकांनीं हीं साधनें अंगीं वागविलीं त्यांच्या बाजूनें पाहिलें, तर सबंध कथेंतून एकच तक्रार ऐकूं येते, आणि ती रक्ताची. ती ऐकून घेण्यास शास्त्रज्ञांस किती काळ लागला, हीच ह्या साधनाची खरी बखर होय.

प्रारंभीं उंटाची गोष्ट सांगण्याची चाल आहे. लांबच्या प्रवासांत सांडणी गाभण राहूं नये म्हणून अरब लोक तिच्या गर्भाशयांत खडे घालीत, असें पुस्तकोपुस्तकीं लिहिलेलें आढळतें. गोष्ट चटकदार आहे. तिला विश्वसनीय आधार मात्र सांपडत नाहीं, तेव्हां ती दंतकथांच्या कोनाड्यांतच राहूं द्यावी हें बरें. पक्का लेखी पुरावा १९०९ सालचा आहे. त्या वर्षीं सायलेशियांतील वाल्डेनबुर्ग येथील डॉ. रिष्टर ह्यांनीं रेशमाच्या किड्यापासून काढलेल्या चिवट तंतूचें कडें गर्भाशयांत बसविल्याचा वृत्तान्त एका जर्मन वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें बर्लिनचे डॉ. अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग ह्यांनीं तोच तंतु घेतला, त्यावर रुप्याची तार गुंडाळली आणि आपले अनुभव १९२९ सालीं लंडनच्या परिषदेंत मांडले. त्या रुप्यांत तांब्याची बरीच भेसळ होती असें पुष्कळ वर्षांनंतर लक्षांत आलें; म्हणजे तांब्याचा गुण त्या कड्यांत कोणाच्याही नकळत आधींच काम करीत होता! ग्रेफेनबर्ग हे यहुदी. नाझी राजवटींत १९३७ सालीं ते तुरुंगांत पडले, आणि १९४० सालीं अमेरिकेस पोंचले. तेथें ह्या कड्याचें नांव काढणें त्यांस अवघड झालें, कारण जंतुसंसर्गाच्या भीतीनें बहुतेक डॉक्टर त्याच्या विरुद्ध होते. जपानांत डॉ. ओटा ह्यांनीं १९३४ सालीं असेंच कडें काढलें. दोन वर्षांत तेथील सरकारनें त्यावर बंदी घातली.

त्याच सुमारास मुंबईंत प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे हे संततिनियमनाचा पुरस्कार एकाकीपणें करीत होते. त्यांनीं १९२१ सालीं आपलें केंद्र उघडलें, त्यापायीं विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून खटले व निंदा ओढवून घेतली. बर्लिन, टोकियो, मुंबई, कोठेंही त्या काळीं ह्या विषयास मान नव्हता.

युद्धानंतर वारें फिरलें. १९५९ सालीं इस्राएलचे ओपेनहायमर व जपानचे इशिहामा ह्यांनीं आपापल्या देशांतील बायकांचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि कडें दिसतें तितकें घातक नाहीं असें दिसून आलें. नेमकें तेव्हांच नव्या जातीचें प्लास्टिक हातीं आलें होतें. बारीक नळींत तें सरळ ताणून भरतां येई, आणि आंत सुटतांच आपला मूळ आकार धारण करी. अमेरिकेंतील बफेलो गांवचे डॉ. जॅक लिपीज ह्यांनीं त्याचें नागमोडी वेटोळें केलें. १९६२ सालीं न्यूयॉर्कच्या परिषदेंत तें जगापुढें आलें. हाच तो ‘लूप’.

हिंदुस्थान सरकारनें १९६५ सालीं लूप आपल्या कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमांत घेतला आणि तो तयार करण्याचा कारखाना कानपुरास निघाला. आरंभींचा उत्साह मोठा होता. पहिल्या वर्षीं सुमारें आठ लाख, दुसऱ्या वर्षीं सुमारें नऊ लाख बायकांनीं लूप बसवून घेतला. मग ओहोटी लागली, आणि १९६८-६९ मध्यें हा आंकडा पांच लाखांच्याही खालीं आला. असें कां झालें? लूप आकारानें मोठा. गर्भाशयाच्या भिंतीस तो सतत घांसे. निरोगी बाईच्या एका पाळींत साधारण तीन-चार तोळे रक्त जातें. लूपनें तें दुपटीपर्यंत जाऊं लागलें. ज्या देशांतील बहुसंख्य बायकांच्या अंगांत मुळांतच रक्त कमी, त्या देशांत ही गोष्ट लहानसहान नव्हे. त्यांतून गांवोगांव शिबिरें भरवून लूप बसवावयाचे आणि डॉक्टरांनीं पुढच्या गांवीं निघून जावयाचें. मागें राहिलेल्या बाईनें पाळी थांबेना म्हणून जावें तरी कोणाकडे? तिची तक्रार शेजारणीच्या कानीं गेली, शेजारणीकडून साऱ्या गांवाच्या, आणि दप्तरांत तिची नोंद ‘अफवा’ ह्या सदराखालीं झाली. अफवाही होत्याच, नाहीं असें नाहीं. पण त्यांच्या बुडाशीं असलेलें रक्त खरें होतें.

लूपचा दोष आकारांत आहे हें न्यूयॉर्कच्या डॉ. हॉवर्ड टॅटम ह्यांनीं ओळखलें. गर्भाशयाच्या पोकळींत नीट बसेल असा इंग्रजी ‘टी’ अक्षराचा लहान सांचा त्यांनीं काढला. त्रास कमी झाला; परंतु वर्षांत शंभरांतल्या अठरा बायकांस दिवस राहूं लागले. तेव्हां चिली देशाचे डॉ. हाइमे झिपर ह्यांचा शोध उपयोगीं पडला. तांब्याच्या सान्निध्यांत गर्भ धरत नाहीं, असें त्यांनीं सशांवरील प्रयोगांनीं १९६९ सालीं दाखविलें होतें. टॅटम ह्यांच्या सांच्यास तांब्याची तार गुंडाळली, आणि शेंकडा अठराचें प्रमाण एक-दोनांवर आलें. आपल्याकडील तांबी ती हीच. स्वस्त, टिकाऊ, लाखों बायकांस उपकारक; पण रक्तस्राव तिनेंही थोडा वाढतोच.

मध्यंतरीं अमेरिकेंत डॅल्कन शील्ड नांवाचें एक साधन निघालें. १९७१ ते १९७४ ह्या तीन वर्षांत तें सपाट्यानें खपलें. त्याचा दोरा अनेक पदरी असल्यामुळें जंतु त्यांतून वर चढत. कित्येक बायका आजारी पडल्या, कांहीं दगावल्या. दाव्यांची संख्या लाखांवर गेली आणि १९८५ सालीं कंपनीस दिवाळें काढावें लागलें. त्या धसक्यानें इतर कंपन्यांनींही आपलीं साधनें अमेरिकेच्या बाजारांतून काढून घेतलीं. अशा हवेंत नव्या साधनावर पैसा घालण्यास कोण धजणार?

तरीही काम चाललें होतें. शिकागोचे डॉ. अँटोनिओ स्कोमेन्या ह्यांनीं १९७० सालीं प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक गर्भाशयांतच हळूहळू सोडण्याचा प्रयोग केला. त्यावरून निघालेलें साधन १९७६ सालीं बाजारांत आलें; पण त्यांतला सांठा वर्षभरांत संपे व दरसाल नवें बसवावें लागे. फिन्लंडचे डॉ. तापानी लूक्काइनेन ह्यांनीं हीच कल्पना उचलून संप्रेरक बदललें. त्यांनीं घेतलेलें लेव्होनॉर्जेस्ट्रेल हें कृत्रिम द्रव्य इतकें प्रभावी, कीं त्याचा कणभर अंश पुरतो. ‘टी’च्या दांड्यावर सिलिकोनच्या नळकांड्यांत ५२ मिलिग्रॅम द्रव्य भरलेलें असतें, आणि भोंवतालच्या पातळ पडद्यांतून प्रारंभीं दररोज सुमारें २० मायक्रोग्रॅम झिरपतें. गोळ्यांच्या नेहमींच्या पाकिटांत ह्याच द्रव्याचा रोजचा डोस १५० मायक्रोग्रॅम असतो, हें ध्यानीं घेतलें म्हणजे फरक कळेल. त्यानें गर्भाशयाच्या मुखाशीं असलेला स्राव घट्ट होतो, पुरुषबीजास वाट मिळत नाहीं. आणि आंतलें अस्तर पातळ राहतें. अस्तरच वाढलें नाहीं तर पाळींत जावयाचें काय? रक्तस्राव शेंकडा ऐशींहून अधिक उतरतो. वर्षभरांत पांचांतल्या एकीची पाळी बंदच होते. दिवस राहण्याचा संभव पहिल्या वर्षीं हजारांत दोन. साठ वर्षें ज्या साधनानें रक्त वाढविलें, त्याच सांच्यानें आतां तें आटविलें. हिच्यांत तांब्याचा लवलेशही नाहीं, तरी तिला हॉर्मोनची तांबी म्हणतात तें केवळ संवयीनें.

तुर्कू येथील कंपनीनें ती फिन्लंडांत १९९० सालीं विक्रीस आणली. अमेरिकेची परवानगी २००० सालीं मिळाली. गर्भनिरोधाहूनही तिचा दुसरा उपयोग मोठा ठरला. अतिस्रावामुळें गर्भाशय काढून टाकण्याच्या प्रतीक्षेंत असलेल्या फिन्लंडांतील बायकांस ती बसवून पाहिली, तेव्हां शंभरांत चौसष्ट जणींनीं शस्त्रक्रियेचा बेत सोडला. नेहमींचेच उपचार चालू ठेवलेल्यांपैकीं केवळ चौदा जणींनीं. हा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं तिचा समावेश आवश्यक औषधांच्या यादींत केला. हिंदुस्थानांतही एका सरकारी कंपनीनें ‘एमिली’ नांवानें ती तयार केली.

ती निर्दोष मात्र नव्हे. पहिले तीन ते सहा महिने थेंबथेंब, अवेळीं रक्त जातें. क्वचित् ती आपोआप गळून पडते. हजारांत एखादीस बसवितांना गर्भाशयास छिद्र पडतें. पाळी थांबली म्हणजे दिवस राहिले, किंवा विटाळ आंत साठला, अशी धास्ती बाईच्या मनांत उभी राहते. हें आधीं समजावून सांगितलें नाहीं, तर १९६५ सालचाच प्रकार पुनः घडावयाचा.

आणि महाराष्ट्रांत? बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडणी करणाऱ्या बायकांची सरकारनें २०१९ सालीं पाहणी करविली. सुमारें ब्याऐशीं हजार बायकांपैकीं तेरा हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें, आणि त्यांतल्या पुष्कळजणी ऐन उमेदींतल्या होत्या. कोणाची मूळ तक्रार पाळींत फार जाण्याची, कोणाची पांढऱ्या पाण्याची, कोणाची ओटीपोटांतील दुखण्याची. फडांत एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. म्हणून मुकादमाकडून उचल घेऊन कित्येकींनीं खासगी दवाखान्यांत शस्त्रक्रिया करवून घेतली, आणि ती उचल फेडण्यासाठीं पुढल्या हंगामीं पुनः कोयता हातीं धरला.