गाठ किती मोठी, की किती खोल?

मूत्राशयात गाठ झालेल्या दोन रुग्णांची कल्पना करू. दोघांच्याही लघवीतून रक्त जाते, दोघांच्याही गाठी आवळ्याएवढ्या. तरी एक रुग्ण पुढे वीस वर्षे जगतो आणि दुसरा दोन वर्षांत दगावतो. असे का व्हावे?

१८७७ साली जर्मनीत माक्सिमिलियन नित्झे यांनी मूत्राशयात घालून पाहण्याची दुर्बीण दाखवली. तेव्हापासून जिवंत माणसाच्या मूत्राशयातील गाठ डोळ्यांना दिसू लागली. पण दिसे तो केवळ तिचा पृष्ठभाग. झाड दिसावे आणि मुळांचा पत्ता लागू नये, तसा हा प्रकार होता.

उत्तराचा पहिला धागा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगाचे ५३७ रुग्ण अभ्यासले. गाठीतील पेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती दुरावल्या आहेत, हे पाहून त्यांनी गाठींच्या चार प्रती ठरवल्या. दुरावा जितका जास्त, तितका रोग घातक. १९२२ साली त्यांनी हीच पद्धत मूत्र व जननसंस्थेच्या कर्करोगांना लावली.

दुसरा धागा खोलीचा. मूत्राशयाच्या भिंतीत आतून बाहेर अस्तर, संयोजी ऊतींचा पातळ थर, स्नायूंचा जाड थर आणि त्याबाहेर चरबी असे थर असतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील ह्यू जुएट आणि जॉर्ज स्ट्राँग यांनी १०७ शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या आणि १९४६ साली निष्कर्ष मांडले. गाठ स्नायूच्या अलीकडेच थांबली होती असे ३ जण होते. त्यांपैकी एकाच्याही शरीरात रोग अन्यत्र पसरलेला नव्हता. गाठ स्नायूत शिरलेले १५ जण होते. त्यांत पसरण्याचे प्रमाण १३ टक्के. स्नायू ओलांडून गेलेले ८९ जण. त्यांत ७४ टक्के!

आकडे बोलके आहेत, पण आपण थोडे थांबायला हवे. ही सारी माणसे मरण पावलेली होती. उथळ गाठीचे रुग्ण सहसा त्या गाठीने मरत नाहीत, म्हणून पहिल्या गटात फक्त तिघे आले. तिघांपैकी शून्य म्हणजे धोकाच शून्य, असे म्हणता येत नाही. नमुना कोठून घेतला, हे न पाहता टक्केवारी वाचू नये, हा धडा गणिताच्या तासालाही देता येईल.

पुढे १९५२ साली जुएट यांनी गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांचे पाच वर्षांनंतरचे निकाल पाहिले. स्नायूच्या आतल्या अर्ध्या भागात थांबलेल्या गाठींचे निकाल बाहेरच्या अर्ध्यापर्यंत पोहोचलेल्या गाठींपेक्षा बरेच चांगले होते. आता पुरावा शवांचा नव्हता, जगण्याचा होता.

मग खोली हेच सर्व काही का? नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे मेयर मेलिको यांनी काढून टाकलेल्या मूत्राशयांतील दोन गाठींमधले, वरवर निरोगी दिसणारे अस्तर तपासले. त्यात कर्करोगाच्या पेशी होत्या! असा सपाट कर्करोग अगदी उथळ असतो. पण त्याच्या पेशी फार बिघडलेल्या असतात आणि उपचार न केल्यास तो पुढे स्नायूत शिरू शकतो. म्हणून दोन्ही प्रश्न विचारावे लागतात: पेशी किती बिघडल्या आणि त्या किती खोल गेल्या?

उपचाराची मोठी सीमारेषा आजही स्नायूपाशीच आहे. अलीकडे असलेली गाठ मूत्रमार्गातून खरवडून काढतात. तिचा धोका अधिक असेल, तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. आपल्या मुलांच्या दंडावर टोचतात तीच ही लस. १९७६ साली अल्वारो मोरालेस यांनी तिचा हा उपयोग दाखवला. गाठ स्नायूत शिरली असेल, तर अनेकदा सारे मूत्राशयच काढावे लागते.

म्हणूनच तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात स्नायू आलाच नसेल, तर गाठ तेथवर पोहोचली की नाही हे ठरवता येत नाही आणि बहुधा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. मूत्राशय राहणार की जाणार, हे त्या चिमूटभर ऊतीवर ठरते.