देवाला नात्यात ओढणाऱ्या बाया

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात चार पिढ्यांपूर्वी जगून गेलेल्या भाविक बाईचा इतिहास लिहायला घेतला, की पहिली अडचण पुराव्याची येते. 1905 साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. त्या काळच्या सरकारी दप्तरात कापूस, सारा, पाऊसपाणी यांची बारीक नोंद सापडते, ही बाई मात्र सापडत नाही. घरच्यांच्या तोंडी तिच्याबद्दल दोनच गोष्टी उरतात: फार देवभोळी होती आणि माणसांना फार जीव लावायची. आपण हे दोन वेगळे गुण समजतो. मला ते एकच वाटतात, आणि तसे म्हणायला आधार आहे तो तिच्याच गाण्यांचा.

भुलाबाईच बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी घरी बसते, सोबत त्यांचा गणोबा. कोजागिरीला वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात. ही खरे तर पार्वती, पण गाण्यांत तिचा जगन्मातेचा थाट कुठेच नाही. माहेरी जायला मिळावे म्हणून सासरच्यांची मनधरणी करणारी ती सून आहे. गाणी संपली की झाकलेला डबा हलवायचा, आवाजावरून खाऊ ओळखायचा आणि सगळ्या पोरींनी वाटून खायचा. पूजेचा शेवट हाच. जात्यावरही वेगळे काही नव्हते. पहाटे दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरत, एक जण मूठभर ज्वारी वैरत असे. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकीला. चाल तीच, फिरणारे जातेही तेच. विठ्ठल त्या ओव्यांत बाप किंवा भाऊ असतो, रखुमाई आई असते आणि पंढरपूर माहेर. देवासाठी वेगळी भाषा तिने घडवलीच नाही. घरातली नाती होती, त्यांतच तिने त्याला बसवले. मग दारी आलेल्या वारकऱ्याला भाकरी वाढताना ती देवाचे करत होती की माणसाचे, हा प्रश्न तिला पडला नसावा.

यावर कोणी म्हणेल, ओव्या ठरावीक साच्याच्या असतात. एका बाईचे आयुष्य त्यात कुठे दिसणार? शंका रास्त आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि एकच ओळ थोड्या फरकाने कितीतरी तोंडी असल्याचे त्यात दिसते. पण साच्यात मोकळी जागा असते. तिथे आपल्या भावाचे, लेकाचे, गावाचे नाव घालायचे. कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाचे गाळायचे, ही निवड तिची स्वतःची असे, आणि तिचे चरित्र शोधायचे तर तिथेच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. या मायेला जातीची वेस होती. वारकऱ्याला भाकरी देणारा हात गावकुसाबाहेरच्या बाईला वरूनच पाणी ओतत होता. हे झाकून लिहिलेली आठवण खोटी ठरेल, कारण देवाला भाऊ मानणे सोपे होते, शेजारच्या वस्तीतल्या बाईला बहीण मानणे अवघड. पण त्याच संग्रहात दलित बायांच्या ओव्या आहेत, आणि त्यांत बाबासाहेब आंबेडकर भाऊ होऊन, बाप होऊन येतात. जुना देव बाजूला झाला, तरी जीव लावायची रीत नात्याचीच राहिली. ही रीत देवळातून आली असती, तर देवाबरोबर गेली असती.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. पहाटेचे कष्ट वाचले, ते बरेच झाले, पण ओव्यांची ती वेळही गेली. तेव्हा घरातल्या म्हातारीला अजून आठवत असेल तोवर विचारून घ्यावे: तुझी आई देवानंतर पहिली ओवी कोणाच्या नावाची म्हणायची?