अंतपालाची मुद्रा, हुंडेकऱ्याची हमी आणि काचेवरचा फास्टॅग : नाक्यावर न थांबण्याचा इतिहास

१/
आजचा धागा एका चिकटपट्टीविषयी आहे. गोदाकाठच्या पुणतांब्यातून 'एमएच १७' क्रमांकाची एखादी मोटार बाहेर पडते, तेव्हा तिच्या पुढच्या काचेवर आतल्या बाजूने एक जांभळी पट्टी चिकटवलेली असते. हा फास्टॅग. शेजारच्या कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ती मोटार चढली की पुढचा व्यवहार ही पट्टीच पाहते. ही पट्टी मिळवण्यासाठी वाहनाची जी नोंदणी करावी लागते, तिचा इतिहास दोन हजार वर्षांमागे जातो.

२/
नोंदणीत विचारतात तरी काय? मालक कोण, वाहनाचा क्रमांक काय, चासी क्रमांक काय, वाहन कोणत्या वर्गातले आणि पैसे कोणत्या खात्यातून वळते करायचे. सोबत आरसी, ओळखपत्र आणि वाहनाचे छायाचित्र. हे सारे जुळले की बँक त्या वाहनाच्या नावे पट्टी देते. मोटारीची पट्टी जांभळी, हलक्या मालवाहू वाहनाची केशरी. वर्ग बदलला की रंग बदलतो, कारण पथकराचा दर वर्गावर ठरतो.

३/
आता हेच प्रश्न कौटिलीय अर्थशास्त्रात पाहा. शुल्कशाळेत चार-पाच अधिकारी बसलेले असावेत आणि येणाऱ्या सार्थाविषयी त्यांनी लिहून घ्यावे, असे तो ग्रंथ सांगतो : व्यापारी कोण, कुठून आले, माल किती आणि त्यावर ओळखीची खूण वा मुद्रा कोठे उमटवली. ही मुद्रा सीमेवरचा अधिकारी, म्हणजे अंतपाल, देत असे. मालाची तपासणी सीमेवर एकदा झाली की पुढच्या अधिकाऱ्यासाठी मुद्रा हाच पुरावा.

४/
याहून लक्षणीय आहे तो दंड. ज्याच्या मालावर मुद्रा नाही, त्याला देय रकमेच्या दुप्पट भरावे लागे. ज्याची मुद्रा खोटी, त्याला शुल्काच्या आठपट. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगविना आलेल्या वाहनाला २०२५ मध्ये रोखीने दुप्पटच भरावे लागे. (१५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्यास सव्वापट.) दोन्ही काळांतील शासनांनी एकच हिशेब केला : ज्याची ओळख आधी पटलेली नाही, त्याला थांबवण्याचा खर्च त्याच्याच माथी मारावा.

५/
परंतु त्याच अध्यायात आणखी एक कलम आहे. अंतपाल मालाच्या ओझ्यावर सव्वा पण 'वर्तनी', म्हणजे वाटेचा कर, घेई. त्या बदल्यात वाटेत काही हरवले वा चोरीला गेले, तर ते भरून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. कर घेणारा वाटसरूचे काही देणे लागत असे. ही अट ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

६/
आपल्या मुलखातही वाट आणि कर यांचे नाते जुने आहे. पुणतांब्यावरून वाहणारी गोदावरी पुढे पैठणला जाते. सातवाहनांच्या या नगरीतून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेत, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आजही उभा आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, ही परंपरागत समजूत. घाटाच्या नावाशी ती इतकी घट्ट जुळली आहे की दोन्ही वेगळी करणे अवघड.

७/
मराठेशाहीत या कराचे नाव जकात. माल जिथे भरला जाई तिथे 'थळभरीत', जिथे विकला जाई तिथे 'थळमोड', आणि मधल्या वाटेवर परगण्या-परगण्यातून निराळी वसुली. पेशवाईच्या अखेरीस ही वसुली मक्त्याने दिली जात असे. मक्तेदार बदलला की चौकी बदले आणि चौकीगणिक बैल थांबत. ओझी उतरवायची, मोजणी करवून घ्यायची, हुज्जत घालायची, पैसे भरायचे, पुन्हा ओझी चढवायची. कराच्या रकमेपेक्षा खोळंब्याचाच जाच मोठा.

८/
या खोळंब्यावर आपल्या समाजाने शोधलेला उपाय म्हणजे हुंडेकरी. 'हुंडा' म्हणजे ठोक रक्कम. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकदाच ठरावीक रक्कम द्यायची. वाटेतल्या सगळ्या चौक्यांवरची जकात भागवून माल मुक्कामी पोहोचवायची हमी हुंडेकऱ्याची. पेशवाई बुडाल्यानंतर दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो प्रसिद्ध अहवाल दिला, त्यात या वर्गाची दखल आहे. हुंडेकऱ्यांचे जकातीच्या मक्तेदारांशी संधान असे आणि देय रकमेला तेच जबाबदार असत.

९/
ही रचना नीट पाहा. व्यापारी पैसे एका जागी भरतो. नाकेदार व्यापाऱ्याला ओळखत नाही. तो हुंडेकऱ्याला ओळखतो. हिशेब मागाहून हुंडेकरी आणि मक्तेदार आपसांत पुरा करतात आणि बैल चालत राहतात. आजच्या भाषेत व्यापारी म्हणजे वाहनमालक, मक्तेदार म्हणजे टोल कंपनी आणि हुंडेकरी म्हणजे फास्टॅग देणारी बँक. फरक एवढाच की हुंडेकऱ्याची ओळख माणसांच्या तोंडावर होती, बँकेची ओळख संगणकाच्या नोंदीत आहे. हुंडेकरी हे आडनाव मराठी मुलखात आजही आढळते.

१०/
मात्र न थांबता जाण्याची सवलत विकृत झाली की काय घडते, याचा धडा बंगालने दिला. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराचे फर्मान दिले. कंपनीच्या मालासोबत 'दस्तक' असले की चौकीवर माल अडत नसे. पुढे कंपनीच्या नोकरांनी तीच दस्तके आपल्या खासगी व्यापारासाठी वापरली. कर भरणारा देशी व्यापारी स्पर्धेत बुडू लागला.

११/
नवाब मीर कासिमने तक्रारी करून पाहिल्या. अखेर १७६३ मध्ये त्याने सर्वांचीच जकात माफ करून टाकली, म्हणजे निदान देशी व्यापारी बरोबरीला यावा. कंपनीला ते मानवले नाही. संघर्ष पेटला आणि १७६४ ची बक्सारची लढाई झाली. एका चुकीच्या हाती गेलेल्या परवान्याची ही परिणती. हा परवाना याच मालाचा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर न देता येणारी जकातव्यवस्था टिकत नाही.

१२/
इंग्रजांनी मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकात १८३८ च्या पहिल्या कायद्याने रद्द केली. त्यानंतर आला तो रस्त्याच्या वापराचा कर : १८५१ चा भारतीय टोल कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८७५ चा रस्ते व पूल यांवरील टोलचा कायदा. जकात मालावर असते, पथकर वाटेवर असतो; हा भेद इथे ठळक झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि पुणतांबा त्यावरील स्थानक बनले. आगगाडीत तिकीट आधी काढायचे आणि मग निर्वेध जायचे. रस्त्यावर ती सोय यायला आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

१३/
विसाव्या शतकाच्या अखेरीस खासगी भांडवलातून रस्ते बांधण्याचे धोरण आले. १९९५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात त्यासाठी दुरुस्ती झाली, १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. रस्ते रुंद झाले आणि त्यांच्यावर नाके उभे राहिले. सुट्ट्या पैशांची वाद-वादी, पावतीची प्रतीक्षा, मैलभर रांगा : पेशवाईतली चौकी काँक्रीटमध्ये परतली.

१४/
वाहनावर विद्युत-ओळख बसवून शुल्क घ्यावे, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९५९ मध्ये अमेरिकेच्या राजधानीसाठी मांडली होती. १९८० च्या दशकात नॉर्वेने ती प्रत्यक्षात आणली. भारतात २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेडिओ-लहरींनी ओळखता येणाऱ्या स्वस्त पट्टीची शिफारस केली. मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रारंभीचे प्रयोग झाले आणि 'फास्टॅग' हे नाव रूढ झाले.

१५/
पुढचा कालक्रम असा. १ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकींना फास्टॅग आवश्यक. अनेक मुदतवाढींनंतर १५-१६ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये निर्णय घेऊन १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या टोलनाक्यांवरही फास्टॅग अनिवार्य केला.

१६/
पट्टीत विजेरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरी तिच्यावर पडतात, त्याच ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक राष्ट्रीय भरणा महामंडळाच्या यंत्रणेकडे जातो. तेथील नोंदवहीत तो कोणत्या वाहनाचा, कोणत्या वर्गाचा, कोणत्या बँकेचा हे लिहिलेले असते. बँक पैसे वळते करते आणि दांडा उचलला जातो. म्हणजे पैसे पट्टीत नसतात. पट्टी ही फक्त मुद्रा. सारी भिस्त नोंदवहीवर.

१७/
आणि म्हणूनच दस्तकाचा जुना रोग इथेही उद्भवू शकतो. मोटारीच्या नावे घेतलेली पट्टी मालमोटारीवर लावली, तर दर मोटारीचा लागेल. एका वाहनाच्या नावे अनेक पट्ट्या असल्या, तर हिशेब विस्कटेल. काही जण पट्टी काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवत. त्यामुळे 'एक वाहन, एक फास्टॅग' हा नियम आला आणि वाहनाच्या छायाचित्रासह फेरपडताळणीही. सामान्य माणसाला ही कटकट वाटते. पण बक्सारपूर्वीच्या बंगालमध्ये नेमकी हीच पडताळणी नव्हती.

१८/
आता पुन्हा पुणतांब्याकडे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. इथे वाहन कोठे चढले आणि कोठे उतरले याची नोंद होऊन अंतरानुसार पथकर लागतो. आरंभी मोटारीसाठी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे, म्हणजे शिर्डी ते नागपूर सुमारे ९०० रुपये. हा रस्ता राज्याचा असल्याने १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पास इथे चालत नाही.

१९/
या मार्गावर दुचाकी आणि तीनचाकी यांना प्रवेश नाही. म्हणजे गावातल्या ज्या घरात चारचाकी नाही, त्याला हा रस्ता शेताच्या बांधावरून दिसतो, वापरता येत नाही. अंतपालाच्या दरपत्रकात खांद्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाचाही छोटासा दर होता. म्हणजे ती वाट त्याचीही होती. नोंदणीचा इतिहास वाचताना ज्यांची नोंदणीच होऊ शकत नाही, त्यांच्याकडेही पाहावे लागते.

२०/
थांबलेल्या गाडीची किंमत पुणतांब्याला कुणी सांगायला नको. १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावातून निघाली. दूध आणि भाजीपाला शहराकडे न्यायचाच नाही, हे त्या संपाचे अस्त्र होते. गाडी थांबली की शहर हलते, हे त्या दिवसांत दिसले. नाशवंत माल घेऊन निघालेल्या टेम्पोसाठी नाक्यावरचा अर्धा तास म्हणजे बाजारभावातली घसरण. त्याला फास्टॅग हवाच आहे.

२१/
तरीही एक गोष्ट निसटली आहे. हुंडेकऱ्याने गफलत केली तर त्याच्या पेढीवर जाऊन जाब विचारता येत असे. आज नोंदवहीत चूक झाली, वर्ग चुकीचा लागला वा उभ्या गाडीच्या नावे पैसे कापले गेले, तर समोर माणूस नसतो. बँकेच्या मदतकेंद्राला किंवा राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ या क्रमांकाला हाक द्यावी लागते. म्हणून पट्टी स्वतःच्याच नावे घ्या, नोंदीतला वर्ग एकदा डोळ्यांनी पडताळा, जुनी गाडी विकताना तिचा फास्टॅग आधी बंद करा. तो चालू राहिला तर नव्या मालकाचा पथकर तुमच्या खात्यातून जाईल.

२२/
आणि आता अंतपालाची ती अट. अर्थशास्त्रकाराने ओळख पटवण्याची पद्धत सांगितली, दुप्पट दंड सांगितला आणि त्यासोबत वाटसरूच्या नुकसानीची जबाबदारीही सांगितली. पहिल्या दोन गोष्टी आपण यंत्राकडून अचूक करवून घेतल्या. तिसरी, म्हणजे खड्डा, अंधार, अपघात वा चुकीची कपात यांबद्दल कर घेणाऱ्याने उत्तर देणे, हे काम कोणतेही यंत्र आपोआप करत नाही. ते नागरिकांना मागावे लागते. वाहनाची नोंद शासनाकडे आहे. रस्त्याचा हिशेब आपल्याकडे असायला हवा.

२३/
जाता जाता एक विनंती. महाराष्ट्रातल्या शहरांची जकात टप्प्याटप्प्याने गेली, मुंबईची २०१७ मध्ये. पण 'जकात नाका' नावाचे थांबे अजून आहेत. तुमच्या गावात असे एखादे ठिकाण आहे का? तिथून कोणती वाट जात होती आणि तिथे कोण थांबत होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. त्या उत्तरांतून पुढचा धागा विणू.