इंग्रजी पुस्तकातला हक्क

तहसील कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे दुष्काळाचा इतिहास वाचतानाही माझं लक्ष आधी कागदांकडे जातं. १८९६ साली परतीचा पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, नगर, विजापूरकडची पिकं करपली. अशा वेळी काय करायचं हे सरकारनं आधीच लिहून ठेवलेलं होतं. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या 'फॅमिन कोड'मध्ये धडधाकटांना काम आणि मजुरी, कामाला जाता न येणाऱ्यांना फुकट मदत असं सगळं होतं. अडचण एवढीच, की पुस्तक इंग्रजीत, साहेबाच्या टेबलावर. ज्याच्यासाठी ते लिहिलं, त्या कुणब्याला त्याचा पत्ता नव्हता.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तो पत्ता दिला. ही सभा १८७० सालची. सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं अर्ज करणं हा तिचा जन्मापासूनचा धंदा. १८९५ पासून सभेची सूत्रं टिळकांच्या गटाकडे होती. सभेनं कोडातल्या तरतुदी मराठीत छापून वाटल्या, माणसं गावोगाव पाठवली. टिळकांच्या 'केसरी'नं रोखठोक सांगितलं: पीक बुडालंय ना, मग सारा भरायला गुरं विकू नका, कर्ज काढू नका, सूट मागा. यात बंड कुठलं? सरकारचंच पुस्तक सरकारला वाचून दाखवणं, एवढंच. तरी सभेच्या काही प्रचारकांवर खटले भरले गेले.

सरकारचा राग मला कळतो, कारण तो मी टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलाय. कोड म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना. रयतेनं त्यावर बोट ठेवून मागणी करावी, हे त्यात धरलेलंच नव्हतं. "रावसाहेब, काहीतरी करा," म्हणत हात जोडणाऱ्याला कचेरी कधी घाबरत नाही. त्याला 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की झालं. पण आमच्याकडे एखादा म्हातारा यायचा, अर्जाच्या दोन प्रती घेऊन. एक पुढे सरकवायचा आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. शाईची गादी वाळलीय म्हटलं तर शेजारच्या टेबलावरची आणून द्यायचा. त्याचं काम होईलच असं नसे. पण त्याचा कागद गहाळ होत नसे, हे मी खात्रीनं सांगतो. कारण तारीख आता त्याच्याही खिशात असायची.

मार्च १८९७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारनं निकाल दिला: सार्वजनिक धोरणाबाबत सरकारला लिहिणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. कोड मात्र रद्द केला नाही; तो मराठीतून वाचलेली माणसं गावोगाव होतीच.