“काही नाही, घरीच असते”

सर्व्हेवाले दारात येतात आणि विचारतात, “ताई, तुम्ही काय काम करता?” आपल्या तोंडून पटकन काय निघतं? “काही नाही, घरीच असते.” हाताला गोठ्यातलं शेण तसंच असतं, तरी आपण हेच सांगतो. या उत्तरानं एकदा देशाच्या जनगणनेत केवढी उलथापालथ केली, ते आज ऐका.

१९६१ च्या जनगणनेत नियम सैल होता. हंगामात बहुतेक दिवस रोज तासभर जरी नेमानं काम केलं, तरी ती बाई काम करणारी धरली जायची. देशात अशा जवळजवळ सहा कोटी बायका निघाल्या. १९७१ साली प्रश्न बदलला. आधी विचारलं, मुख्य काम कोणतं? आता जी बाई सकाळी भाकऱ्या थापून खुरपणीला जाते आणि सांजेला येऊन धार काढते, तिचं मुख्य काम कोणतं सांगायचं? घरोघरी ‘घरकाम’ असंच लिहिलं गेलं, तेही पुष्कळदा कर्त्या पुरुषानं सांगितलेलं. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या ४४ कोटींवरून ५५ कोटींपर्यंत गेली, आणि काम करणाऱ्या बायका मात्र सव्वातीन कोटींच्याही आत आल्या! एवढ्या बायकांनी काही खुरपी खाली ठेवली नव्हती. मोजायचं मापच बदललं होतं.

यात बायकांचा दोष मी धरत नाही. जसा प्रश्न, तसं उत्तर. पण शेतात राबणारी बाई कागदावर आलीच नाही, तर तिच्यासाठी प्रशिक्षण नि अवजारं यांचा हिशोब कोण मांडणार? अभ्यासकांनी आणि महिला संघटनांनी हे लावून धरलं. १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच शब्द घातले: घरच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरून.

तरी स्वयंपाक, पाणी, लेकरं हे बाहेरच राहिलं. त्यासाठी वेगळी पाहणी लागली, वेळेच्या वापराची. १९९८-९९ मध्ये ती सहा राज्यांत झाली, २०१९ मध्ये देशभर. यात “काम करता का?” असं विचारतच नाहीत. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं, ते विचारतात. २०१९ चा आकडा असा: बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७.

आपल्या गटानं गावात माहिती गोळा करायची ठरवली, तर हेच करा. ‘काम’ हा शब्द टाळून कालचा दिवस विचारा. एकच दिवस पुरत नाही, सुगीतला वेगळा नि उन्हाळ्यातला वेगळा. प्रश्न आधी पाच घरांत विचारून बघा, अडखळले तर बदला. बाईचं उत्तर बाईकडूनच घ्या. नवरा मध्येच बोलला तर तेही लिहा, पण वेगळ्या रकान्यात.