खंडणी, हप्ता आणि बँकॉकचा पांढरा लिफाफा

माझा एक जुना विद्यार्थी बँकॉकला असतो. कोकणातला मुलगा, रत्नांच्या व्यापारात एका पेढीवर हिशेब लिहितो. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा फोन आला. संध्याकाळी खोलीच्या दारावर दोन पोलिस आले होते. घट्ट बसणारा खाकी-तपकिरी गणवेश, कमरेला पिस्तूल, आणि हातात पांढऱ्या लिफाफ्यांचा गठ्ठा. हसत हसत हात जोडून त्यांनी एक लिफाफा याच्या हातात दिला आणि परवा येतो म्हणून गेले. लिफाफ्यावर थाई अक्षरं आणि एका बौद्ध विहाराचं चित्र. "सर, द्यायचे का? आणि किती द्यायचे? नाही दिले तर काही होईल का?" तीन प्रश्न एका दमात.

मी म्हटलं, अरे, मी भाषा शिकवणारा माणूस. पण त्या फोननंतर जे वाचत गेलो ते इथे मांडतो आहे, कारण त्याच्या तिसऱ्या प्रश्नामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात शब्दापासून करतो. थाई भाषेत पोलिसांना गुपचूप द्यायच्या पैशाला 'सुआय' म्हणतात. आज हा शब्द ऐकला की लोक डोळा मारतात. पण जुन्या सयाममध्ये सुआय हा राजमान्य कर होता. राजधानीजवळच्या रयतेला वर्षातले काही महिने सरकारची वेठ करावी लागे. लांबच्या मुलखातले लोक वेठीला येऊ शकत नसत, तेव्हा त्यांनी त्याबदली माल पाठवायचा, जंगलातलं, खाणीतलं, जे त्या प्रदेशात होत असेल ते. तो माल म्हणजे सुआय. राज्य बदललं, वेठ गेली, कर रोखीत आला, आणि शब्द मात्र घसरत घसरत पोलिस चौकीच्या मागच्या दाराशी येऊन बसला. २०२३ साली थायलंडात मालट्रकांच्या स्टिकरांचं प्रकरण गाजलं. ठरावीक स्टिकर काचेवर असलं की जादा वजनाचा ट्रक सोडून द्यायचा, असा तो आरोप होता. वर्तमानपत्रांनी त्याला सरळ 'स्टिकर सुआय' असंच नाव दिलं.

आपल्याला हे नवीन नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी हा अगदी प्रतिष्ठित शब्द आहे. मांडलिकाने ठरवून दिलेली रक्कम भरायची, ती खंडणी. आज मुंबई पोलिसांचं 'खंडणीविरोधी पथक' आहे. हप्त्याचीही तीच गत. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, त्यावरून हफ्ता म्हणजे आठवडा. उर्दूत अजूनही तो निष्पाप शब्द आहे. माझ्या वर्गात उर्दूच्या तासाला 'हफ्ता' म्हटलं की मुलं खुदकन हसतात, त्याला कारण मराठी.

जुन्या सयाममधल्या प्रांताधिकाऱ्याला आजच्या अर्थाने पगार नव्हता. गोळा झालेल्या करातला, दंडातला, कोर्टाच्या शुल्कातला वाटा हीच त्याची कमाई. या पद्धतीला थाईत 'किन मुआंग' म्हणतात, शब्दशः 'शहर खाणे'. आपल्याकडेही साहेब पैसे 'खातात'च. फरक एवढाच की तिथे एके काळी हे खाणं कायदेशीर होतं, कारण दुसरं ताट वाढलेलंच नव्हतं. १८९२ नंतर राजपुत्र दामरोंग यांनी गृहखात्याची घडी बसवली, तेव्हा हळूहळू पगारी नोकरशाही आली. पण अधिकाऱ्याला भेटायला जाताना काहीतरी घेऊन जायचं, ही सवय पगाराच्या आदेशाने जात नाही.

आता परदेशी माणसाकडे वळू. १८ एप्रिल १८५५ रोजी राजा मोंगकुट यांच्या सरकारने इंग्रजांशी तह केला. इंग्रजांच्या बाजूने सर जॉन बाऊरिंग होते. आयात मालावर तीन टक्के जकात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्रिटिश प्रजाजनावर सयामच्या कोर्टाचा अधिकार नाही. गुन्हा केला तरी न्याय ब्रिटिश वकिलातीत. इथे 'ब्रिटिश प्रजाजन' म्हणजे फक्त गोरे नव्हेत. सुरतेचा बोहरा, पेनांगचा मलय, पंजाबचा शीख, सगळेच त्यात आले. तहाच्या दुसऱ्याच वर्षी, १८५६ साली, मस्कती या बोहरा घराण्याची पेढी बँकॉकात उभी राहिली. तेव्हा सुरत मुंबई इलाख्यात होती. हे लोक सयामी रुचीची नक्षी गुजरातेत कापडावर छापून घेत आणि जहाजाने तिकडे नेत. गुजरातेतल्या पेथापूरचे छापणारे कारागीर जे 'सौदागिरी' कापड करत ते सयामच्याच बाजारासाठी. नदीपलीकडे थोनबुरीला बोहऱ्यांची सैफी मशीद आजही आहे. सुरतेहूनच आलेल्या नाना घराण्याचं नाव तर बँकॉकच्या एका गजबजलेल्या भागाला पडलं आहे. आज तिथे उतरणाऱ्या पर्यटकाला ते 'नाना' सुरतेचे हे ठाऊक नसतं.

पोलिस आले ते १८६० साली, आणि तेही परदेशी लोकांच्या सोयीने. राजाने सॅम्युअल एम्स या इंग्रज कप्तानाला नेमलं. शिपाई म्हणून मलय आणि हिंदी माणसं भरती झाली. या दलाला लोक 'काँग पोलित' म्हणत. 'पोलिस' या इंग्रजी शब्दाचंच ते थाई रूप. पहारा कुठे, तर सांपेंगच्या व्यापारी वस्तीत. म्हणजे बँकॉकच्या रस्त्यावरचा पहिला पोलिस थाई नव्हताच, आपल्यासारख्या चेहऱ्याचा होता. याच सुमारास परदेशी वकिलांनी राजाकडे तक्रार केली की शहरात घोडा फिरवायला रस्ता नाही, आमची तब्येत बिघडते. त्यातून १८६४ पर्यंत चारोएन क्रुंग हा रस्ता तयार झाला. पुढे १८९७ साली प्रांतांसाठी सशस्त्र दल निघालं, त्याचा प्रमुख गुस्ताव शाऊ हा डेन्मार्कचा. त्याच दलातला हान्स मार्कवार्ड येन्सन हा डॅनिश कप्तान १९०२ च्या शान बंडात मारला गेला.

अशा काळात बोहरा व्यापाऱ्याच्या दुकानात शिपाई हात पसरून उभा राहिला असता तर? व्यापाऱ्याने द्यायचं ठरवलं तर खुशीने दिलं असतं. नाही म्हटलं असतं तर शिपायाच्या हातात फारसं काही नव्हतं, कारण पाठीशी वकिलात होती. दान आणि दबाव यांच्यातली भिंत त्या तहाच्या कागदाने उभी केलेली होती. ती साम्राज्याच्या तोफांवर उभी होती हेही लगेच सांगायला हवं. मला त्या तहाचा अभिमान वाटत नाही.

ज्यांच्यामागे वकिलात नव्हती त्यांचं काय होत होतं, हे चिनी लोकांकडे पाहिलं की कळतं. एकोणिसाव्या शतकात बँकॉकात सर्वांत मोठा परदेशी समाज त्यांचाच. त्यांच्याकडून तीन वर्षांनी एकदा डोईपट्टी घेत. भरली की मनगटाला दोरा बांधून त्याच्या गाठीवर लाखेचा शिक्का मारत. जास्त पैसे भरले तर मनगट मोकळं राही आणि कागदी दाखला मिळे. कल्पना करा, रस्त्याने चाललेल्या हमालाचं मनगट हाच त्याचा परवाना. ज्याच्या मनगटावर गाठ नाही त्याने शिपायाला काय सांगायचं? म्हणून बऱ्याच चिनी लोकांनी धडपड करून इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज वकिलातींत नावनोंदणी केली. फ्रान्स कधी पाहिला नाही, पण खिशात फ्रेंच कागद. हा दोरा विसाव्या शतकाच्या आरंभी गेला आणि चिनी लोकांना थाई रयतेइतकाच वार्षिक कर लागू झाला. तेव्हा जून १९१० मध्ये चिनी दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली आणि बँकॉकचा बाजार ठप्प झाला. सरकारने बंद मोडून काढला.

वकिलातीची ढालही फार दिवस टिकली नाही. १९०९ च्या तहात सयामने केडा, केलांतान, तेरेंगानू, पर्लिस हे मलय मुलूख इंग्रजांना दिले आणि बदल्यात ब्रिटिश प्रजाजनांवर सयामी कोर्टांचा अधिकार मिळवला. १९२०च्या दशकात अमेरिकेने आणि युरोपीय देशांनी आपापले हक्क सोडले, उरलेसुरले १९३०च्या दशकाअखेर संपले. सयामच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण यानंतर परदेशी माणूस आणि पोलिस यांच्यामध्ये कोणी उरलं नाही. १९२७ साली परदेशी लोकांच्या प्रवेशाचा पहिला कायदा झाला, मग नोंदणीपुस्तिका आली, तिचं वार्षिक शुल्क आलं. १९५२ साली हे शुल्क वीस बातवरून एकदम चारशे बात झालं.

तो काळ पोलिसप्रमुख फाओ श्रीयानोन यांचा. साम्यवादाच्या नावाने चिनी लोकांची धरपकड एकीकडे, आणि दुसरीकडे चिनी पेढ्यांच्या संचालक मंडळांवर सेनापती आणि पोलिस अधिकारी. काम काही नाही, नाव आणि नफ्यातला वाटा. विल्यम स्किनर या अमेरिकी अभ्यासकाने हे सारं तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे. व्यापाऱ्याला कळून चुकलं होतं की दरवेळी येणाऱ्या शिपायाला देत बसण्यापेक्षा त्याच्या साहेबालाच घरात घेतलेलं परवडतं. १९५७ च्या सत्तांतरात फाओ देश सोडून गेले आणि १९६० साली परदेशातच वारले. पेढ्यांनी संचालक बदलले.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या दाराकडे येऊ. थायलंडात परदेशी नागरिकाला दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. तो ज्याच्या घरात राहतो त्या मालकाने चोवीस तासांत कळवायचं असतं. मुक्काम वर्षावर्षाने वाढवून घ्यायचा असतो. निवृत्त गोऱ्या माणसालाही त्यासाठी बँकेत आठ लाख बात दाखवावे लागतात. हे सगळं जे खातं पाहतं ते पोलिस दलाचाच भाग आहे. चौकीतला शिपाई वेगळा, शिक्का मारणारा वेगळा, हे खरं. पण वर्दी तीच. दारात लिफाफा घेऊन उभा असलेला माणूस काही बोलला नाही तरी वर्दी बोलते.

आणि तरीही तो लिफाफा म्हणजे सुआय नव्हे, हे मला विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागलं. वर्षावास संपला की एक महिनाभर थायलंडात 'कठिन' चालतं. शब्द पालीतला, आपल्या ओळखीचा. चीवराचं कापड ताणून शिवायची चौकट म्हणजे कठिन. भिक्खूंना चीवर आणि विहाराला देणगी द्यायचा हा सण. बँका, शाळा, सरकारी खाती, सगळे कुठल्या ना कुठल्या विहाराचं कठिन घेतात, पोलिस दलही घेतं. लिफाफे वाटतात, लोक नाव आणि रक्कम लिहून परत करतात. याला 'थाम बुन' म्हणतात, म्हणजे पुण्य करणे. 'बुन' हे आपलंच पुण्य. आपल्याकडे रमजानमध्ये मदरशांचे सफीर पावतीपुस्तक घेऊन येतात, गणपतीला मंडळाची मुलं येतात, तसंच ते. पण सफीराच्या कमरेला पिस्तूल नसतं, आणि आपण कोण ते तो कुठल्या वहीत लिहीत नाही.

ही अडचण थाई सरकारलाही कळलेली आहे. १९४४ सालच्या वर्गणी नियंत्रण कायद्याने सार्वजनिक जागी वर्गणी गोळा करायला परवाना लागतो. परवाना जवळ बाळगायचा आणि देणाऱ्याला पावती द्यायची. २००१ साली पंतप्रधान कार्यालयाने खास सरकारी खात्यांसाठी नियम केले. देणगीची रक्कम ठरवून द्यायची नाही, सक्ती करायची नाही, आणि सरकारी नोकराला वर्गणी गोळा करायला पाठवायचं नाही. हा शेवटचा नियम वाचून मी थबकलो. म्हणजे दारात जे घडलं तेच नेमकं कागदावर वर्ज्य आहे. नियम करावा लागला यावरूनच रीत किती रुळलेली होती ते दिसतं. लिफाफ्यात निदान रक्कम तुमच्या मर्जीची. मदतनिधीच्या गोल्फ स्पर्धेची किंवा जलशाची छापील किमतीची तिकिटं घेऊन कोणी आलं की तीही सोय जाते.

पोलिसांची बाजू नाही असं नाही. साध्या शिपायाचा पगार बेताचा. अनेक जण पिस्तूलही स्वतःच्या पैशाने घेतात. त्यासाठी दलाची सवलतीची योजना आहे, म्हणजे सरकार बंदूक देत नाही, स्वस्तात विकतं. शहरातल्या कितीतरी पोलिस चौक्या देणगीदारांच्या पैशांतून उभ्या आहेत आणि बाहेर त्यांची नावं रंगवलेली असतात. ज्या सोनाराने चौकीला पंखा दिला त्याच्या दुकानाबाहेरच्या लाल पेटीतल्या वहीत गस्तीचा शिपाई रोज सही करत असेल, तर तो पंखा दान म्हणायचा की विमा, हे सोनारालाही सांगता येणार नाही.

थाई लोक हिंदी आणि मुसलमान माणसाला 'खेक' म्हणतात. त्याचा अर्थ पाहुणा. गोऱ्याला 'फरांग', तो आपला फिरंगीच, फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेलेला. पाहुण्याने यजमानाला नाही कसं म्हणावं, हाच तर त्या मुलाचा पेच होता. शिवाय विहाराच्या चीवरासाठी पैसे देणं आपल्याला चालतं का, हेही त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, मी मुफ्ती नाही, ते तुझ्या मशिदीतल्या मौलानांना विचार. मला इतिहासातलं विचारशील तर घाबरून देऊ नकोस आणि चिडून नाकारू नकोस. आधी घरमालकिणीला विचार.

त्याने विचारलं. ती म्हणाली, सगळ्या इमारतीच्या वतीने मी दरवर्षी देते, पावती माझ्याकडे आहे, तू वेगळं द्यायची गरज नाही. तिसऱ्या दिवशी ते दोघे आले तेव्हा तीच खाली जाऊन त्यांच्याशी बोलली. याने तरीही लिफाफ्यात शंभर बात घालून दिले. का दिलेस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर, जानेवारीत माझा मुक्काम वाढवायचा आहे."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"काही नाही," तो म्हणाला. "मला माहीत आहे, काही नाही."