सदतीस दिवसांची उसंत

२४ डिसेंबर १९६५ ला उत्तर व्हिएतनामवरची अमेरिकी बॉम्बफेक थांबली, ती ३१ जानेवारी १९६६ पर्यंत. या सदतीस दिवसांची नोंद ‘शांततेचा प्रयत्न’ अशी होते. पण ज्या टिपणातून हा विराम निघाला, ते वाचले की मन साशंक होते.

संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी ३० नोव्हेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांना लिहिले, की तीन-चार आठवडे बॉम्बफेक थांबवावी. त्याच टिपणात १९६६ अखेर सैन्य चार लाखांच्या घरात न्यावे, अशीही शिफारस होती! हानोईला एक संधी मिळेल, आणि ती वाया गेलीच, तर वाढत्या युद्धासाठी जनमत तयार झालेले असेल. एकाच औषधाचे हे दोन गुण. सेनापतींचा विरोध होता; या काळात शत्रू रस्ते दुरुस्त करील, रसद हलवील, असे त्यांचे म्हणणे. १८ डिसेंबरच्या बैठकीत क्लार्क क्लिफर्ड आणि एब फोर्टस हे अध्यक्षांचे विश्वासू सल्लागारही विरोधातच बोलले. त्याच बैठकीत मॅक्नमारांनी कबूल केले, की लष्करी बळावर विजयाची खात्री देता येत नाही. माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. पण चर्चा त्यावर थांबली नाही, विरामाच्या सोयी-गैरसोयींकडे वळली.

मग दूत निघाले. हॅरिमन वॉर्सा, बेलग्रेड, दिल्लीला. गोल्डबर्ग पोपच्या भेटीला. जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजींचे निधन झाले. अंत्यसंस्कारासाठी दिल्लीत आलेले उपाध्यक्ष हम्फ्री आणि परराष्ट्रमंत्री रस्क तिथेच सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिनना भेटले. हाती काही लागले नाही.

एवढ्या गाजावाजाने काढलेली शांतता हानोईला ढोंग वाटली, यात नवल नाही. जानेवारीअखेर हो चि मिन्ह यांच्या पत्राने तसे जगाला कळवले.

खरा संवाद रंगूनमध्ये, गुपचूप चालला होता. अमेरिकी राजदूत बायरोड यांनी २९ डिसेंबरला तिथल्या उत्तर व्हिएतनामी वाणिज्यदूताच्या हाती एक निवेदन दिले होते: प्रतिसाद मिळाला, तर विराम लांबू शकेल. लेखी उत्तर आले ३१ जानेवारीला. त्याच दिवशी विमाने पुन्हा उडाली होती.